कॅटनिसच्या आईबद्दल कुणी बोलतच नाही

चांदणवेल | ११ जून, रात्री १०:४२

(सूचना : सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स' या कादंबरीमालिकेच्या तिन्ही भागांचा शेवट या धाग्यात उघड होणार आहे. वाचायचं राहिलं असेल तर आधी पुस्तकं वाचा, मग इथे या.)

परवा भाचीने मला पुस्तकातलं एक पान उघडून हातात दिलं आणि विचारलं, "मावशी, हे आईला वाचायला देऊ का?"

थोडं मागचं सांगते. अडीच वर्षांपूर्वी आमचे भाऊजी अचानक गेले. त्यानंतर ताई जवळजवळ आठ महिने बोलेनाशी झाली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, रडणंही नाही. सकाळी उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची ती अंधार पडेपर्यंत तिथेच. पहिले पंधरा दिवस शेजारून डबे आले, नातेवाइकांची ये-जा होती, मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागला. मी पुण्यात, ती नाशकात. शनिवारी जायचे, सोमवारी पहाटे निघायचे. भाची तेव्हा सातवीत होती. कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा, हे तिने मला फोनवर विचारलं होतं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे उपचार झाले, ताई सावरली, आता नोकरीवर जाते. पण त्या आठ महिन्यांबद्दल मायलेकी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. भाची यंदा दहावीला आहे.

तिने दाखवलेलं पान पहिल्या भागातलं. त्या कथेत कॅपिटल हे सत्ताधारी शहर दरवर्षी डिस्ट्रिक्टांमधली मुलं सोडतीने निवडतं आणि टीव्हीवरच्या खेळात त्यांना एकमेकांना मारायला लावतं. धाकटी बहीण प्रिम हिच्या जागी स्वतःहून पुढे झालेली सोळा वर्षांची कॅटनिस घरच्यांचा निरोप घेते, तो प्रसंग. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : कॅटनिस अकरा वर्षांची असताना तिचे वडील खाणीतल्या स्फोटात जातात. आई एकतर खुर्चीत, नाहीतर पांघरुणात, नजर कुठेतरी लांब लागलेली. नुकसानभरपाईचे पैसे महिनाभर पुरतात. बारा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सरकारी धान्यासाठी नाव घालता येत नाही, आणि ते धान्य घेतलं की खेळाच्या सोडतीत आपल्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात. तोवर दोघी बहिणी उपासमारीने मरणाच्या दारात पोचतात. बेकरीवाल्याच्या मुलाने, पीटाने, पावसात तिच्याकडे फेकलेले करपलेले पाव सगळ्यांना आठवतात. त्या पावांची वेळ का आली, हे कुणाला आठवत नाही.

तर निरोपाच्या वेळी कॅटनिस आईला दरडावून सांगते, की मागच्या वेळेसारखं या वेळी करायचं नाही, प्रिमला सोडून जायचं नाही. आई म्हणते, मी आजारी होते. आज माझ्याजवळ आहे ते औषध तेव्हा असतं तर मी स्वतःला बरं केलं असतं. आणि कॅटनिसच्या मनात येतं, असेलही हा आजार, पण आपल्याला परवडणारा नाही.

भाचीने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

मी ही पुस्तकं विशी-पंचविशीत वाचली. तेव्हा मला त्यात बंड दिसलं, धनुष्यबाण दिसला, नायिका कुणाची होणार, पीटाची की गेलची, हे दिसलं. तिसरा भाग तर आवडलाच नव्हता. नायिका निम्मा वेळ कपाटात लपून बसते म्हणून मी वैतागले होते. भाचीला तोच भाग सगळ्यात आवडतो. का, तर म्हणाली, "कारण ती लगेच बरी होत नाही."

तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पान ताईला द्यावं का? आणि तुमच्या घरची मुलं ही डिस्टोपियन, म्हणजे जुलमी, उद्ध्वस्त भविष्यातलं जग दाखवणारी पुस्तकं वाचतात तेव्हा नेमकं काय वाचत असतात?

---

कोकणकडा | ११ जून, रात्री ११:२०

वाचून गलबलून आलं. सविस्तर नंतर लिहितो. तूर्त एवढंच, पान देऊ नका, पुस्तक द्या. सुटं पान हातात ठेवलं तर ते आरोपपत्र वाटेल.

---

आडवाट | १२ जून, सकाळी ७:०५

कोकणकडा यांना अनुमोदन.

त्या पानातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगते. कॅटनिसची आई मूळची औषधांच्या दुकानदाराच्या घरातली. त्यांच्या डिस्ट्रिक्ट १२मध्ये लोक जखमा घेऊन येतात ते तिच्याकडेच. खाणकामगाराशी लग्न करून ती व्यापारी वस्तीतून सीमवर, म्हणजे खाणकामगारांच्या वस्तीत राहायला आली. म्हणजे औषधं ओळखणारीच बाई, स्वतःला गरज पडली तेव्हा तिच्याजवळ औषध नव्हतं. आणि पुढे ती याच दुःखाने खिळलेल्या इतरांना उठवून उभं करते, असंही कॅटनिस त्याच परिच्छेदात कबूल करते.

'परवडणारा नाही' हे वाक्य मुलीच्या रागाचं आहे, पण हिशेबाचंही आहे. ज्या घरात एकच कमावता असतो आणि तोच जातो, तिथे दुसऱ्याला कोसळायला सवड नसते. लेखिकेने हे बारीक पाहिलंय. कॅपिटलमध्ये लोक उलटी व्हायचं पेय पिऊन पुन्हा जेवतात आणि डिस्ट्रिक्ट १२मध्ये शोक करायलाही मुदत महिनाभराची, कारण पैसे तेवढेच.

---

भरती_ओहोटी | १२ जून, दुपारी १:१५

मी शाळेत समुपदेशक आहे, अकरावं वर्ष. चांदणवेल, तुमची भाची मला रोज भेटते, वेगवेगळ्या गणवेशात.

आईवडिलांपैकी एक जण मनाने आजारी पडला की घरातलं एखादं मूल मोठं होतं. ते धाकट्याचा डबा भरतं, लाइटबिल भरायची तारीख लक्षात ठेवतं, पाहुण्यांना 'आई झोपलीय' सांगतं. अशा मुलांची शाळेत तक्रार येत नाही. उलट 'किती समजूतदार' असं कौतुक होतं. माझ्याकडे ती येतात ती पोटदुखी, डोकेदुखी घेऊन, किंवा वर्षा-दोन वर्षांनी, घरचा माणूस बरा झाल्यावर. संकट असताना ती उभी असतात, ते सरलं की पडतात. कॅटनिसचंही तसंच आहे. पहिल्या भागात ती लढते, तिसऱ्यात ती कोलमडते, आणि अनेक वाचकांना हे लेखनातलं अपयश वाटतं. मला तो त्या मालिकेचा सगळ्यात खरा भाग वाटतो.

लेखिकेच्या आयुष्याचाही संबंध आहे. सुझन कॉलिन्सचे वडील अमेरिकन हवाई दलात होते आणि ती लहान असताना व्हिएतनाम युद्धावर गेले होते. तिने २०१३ मध्ये त्यावर लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक केलं : वडील दूर जंगलात आहेत आणि घरी पहिलीतली मुलगी त्यांच्या पत्रांची वाट पाहतेय. ते परत येतात, पण गेले होते तसे येत नाहीत. हंगर गेम्सची कल्पना तिला टीव्हीवर चॅनल बदलताना सुचली, एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मला वाटतं, मालिकेचं मूळ त्याआधीचं आहे. घरी बसून वाट पाहणारं मूल काय काय पाहतं, हे तिला आतून ठाऊक आहे.

पान द्यावं का? भाचीने तुम्हाला विचारलं, म्हणजे तिला बोलायचं आहे आणि शब्द सापडत नाहीयेत. पुस्तकाने शब्द दिलेत. फक्त ते तुम्ही देऊ नका, तिलाच देऊ द्या.

---

सरळरेघ | १२ जून, संध्याकाळी ६:३०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. गेले तीन-चार महिने तो हेच सगळं वाचतो. हंगर गेम्स झालं, मेझ रनर झालं, आता 'डायव्हर्जंट'. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो, जेवताना बोलत नाही, क्रिकेटला जायचा तेही बंद. मी परवा 'डायव्हर्जंट' चाळलं तर त्यात एक मुलगा आत्महत्या करतो. मी सगळी पुस्तकं उचलून कपाटात कुलूपबंद केली. आमच्या लहानपणी पुस्तकं वाचून मन उल्हसित व्हायचं. मुलं मुलांना मारतायत, सगळं जग उद्ध्वस्त झालंय, हे कोवळ्या वयात कशासाठी वाचायचं? मला खरोखर काळजी वाटते.

---

पारिजात_१९ | १२ जून, रात्री ९:५८

काका, मी एकोणीस वर्षांची आहे, त्यामुळे कदाचित तुमच्या मुलाच्या बाजूने काही सांगू शकेन.

मी सोळा वर्षांची असताना क्लाससाठी घरापासून लांब, वसतिगृहात होते. पहाटे साडेपाच ते रात्री अकरा. दर पंधरवड्याला चाचणी आणि निकालाची यादी भिंतीवर. मला दिवाळीनंतर छातीत धडधडायला लागलं, वर्गात अचानक वाटायचं की मी इथे नाहीच. मी कुणाला सांगितलं नाही, कारण आईबाबांनी कर्ज काढलं होतं. माझ्या खोलीतल्या मुलीकडे 'मॉकिंगजे', म्हणजे हंगर गेम्सचा तिसरा भाग होता.

त्यात बंडखोरांच्या डिस्ट्रिक्ट १३मध्ये रोज सकाळी प्रत्येकाच्या हातावर जांभळ्या शाईने दिवसभराचं वेळापत्रक उमटवतात. कॅटनिस ते न पाळता कुठल्यातरी सामानाच्या खोलीत जाऊन झोपते. मनगटावर तिची मनोवस्था ठीक नाही असं लिहिलेला पट्टा असतो, त्यामुळे तिला कुणी फारसं अडवत नाही. मला तेव्हा त्या पट्ट्याचा हेवा वाटला होता. माझी अवस्था कुणीतरी वाचून घ्यावी, मला तोंडाने सांगायला लागू नये, असं वाटायचं.

आणि तिला एका डॉक्टरने सांगितलेली युक्ती आहे. डोकं गरगरायला लागलं की आधी अगदी साध्या, नक्की खऱ्या असलेल्या गोष्टी म्हणायच्या. माझं नाव हे. माझं वय इतकं. माझं गाव अमुक. मग हळूहळू अवघड गोष्टींकडे जायचं. मी अभ्यासिकेत बाकाखाली हात घट्ट धरून ते म्हणायचे. त्याने मी बरी झाले नाही. पण त्या युक्तीत तिसरं-चौथं वाक्य म्हणताना मला एकदा माझ्याच तोंडून ऐकू आलं, 'मला इथे राहायचं नाही'. दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन केला. बाबा रात्रीच्या गाडीने आले. कर्जाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्या मुलाच्या जेवताना न बोलण्याला पुस्तक कारण नसेल, काका. कदाचित तो आधीच गप्प झाला असेल आणि त्यानंतर ही पुस्तकं हाताला लागली असतील.

---

आडवाट | १२ जून, रात्री १०:१०

पारिजात, इतकं मोकळेपणी लिहिल्याबद्दल तुझे आणि तुझ्या बाबांचे आभार.

---

भरती_ओहोटी | १३ जून, सकाळी ८:४०

सरळरेघ, राग कसला. तुम्ही मुलाचं पुस्तक उघडून पाहिलंत, ते फार कमी पालक करतात. फक्त कपाट उघडा.

तुम्ही म्हणता तो प्रसंग मला पाठ आहे, कारण मी तो मुलांशी बोलताना वापरते. अल नावाचा हळवा मुलगा, धाडसाला सर्वांत वर मानणाऱ्या डॉन्टलेस गटाच्या प्रशिक्षणात मागे पडत जातो, हातून एक वाईट कृत्य घडतं, त्याला क्षमा मिळत नाही, आणि तो जीव देतो. मग गटाचा पुढारी सगळ्यांसमोर भाषण करतो की त्याने धाडस केलं, आणि जमाव जयजयकार करतो. नायिका ट्रिसला तिथे संताप येतो, शिसारी येते. म्हणजे कादंबरी त्या मृत्यूचा गौरव करत नाही. गौरव करणाऱ्यांकडे बोट दाखवते. मुलाला विचारा, "त्या भाषणाबद्दल तुला काय वाटलं?" एवढ्या एका प्रश्नावर मी मुलांना अर्धा-पाऊण तास बोलताना ऐकलंय.

आणि पुढचा प्रश्नही विचारायला घाबरू नका : "तुझ्या मनात कधी असं येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट थेट विचारलं की मुलाला हायसं वाटतं, की हे घरात बोलता येतं.

झोप, जेवण, मित्र, आवडीचा खेळ यांतलं दोन-तीन गोष्टींचं चक्र दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी तरी भेटायला सांगेन. आजच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पण अजून शिक्षकांनासुद्धा ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी एक तृतीयांश आजारांची सुरुवात चौदाव्या वर्षाआधी आणि निम्म्यांची अठराव्या वर्षाआधी झालेली असते. आपण मात्र 'वयच तसं आहे' म्हणून तीच वर्षं घालवतो.

'डायव्हर्जंट'वर एक गोष्ट अवांतर, पण सांगायलाच हवी. त्यातली भीतीची दृश्यं, म्हणजे मुलांना इंजेक्शन देऊन त्यांच्या भीतीच्या आत सोडून देतात, ती वेरोनिका रॉथला मानसशास्त्र शिकताना सुचली. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेण्याची उपचारपद्धत खरी आहे आणि चांगली आहे. पण खऱ्या उपचारात पायऱ्या रुग्णासोबत बसून ठरवतात, सगळ्यात सोप्या भीतीपासून सुरुवात होते, आणि नको म्हटलं की थांबतात. कादंबरीत बाकीचे पाहत उभे असतात, घड्याळ लावलेलं असतं आणि शेवटी क्रमवारी लागते. एका आठवीतल्या मुलाने स्वतःला असंच 'धीट' करायचं ठरवलं होतं. म्हणून वाचणाऱ्या मुलांना हा फरक सांगावा लागतो.

---

शिशिर_न्यूजर्सी | १३ जून, रात्री ८:१५ (भारतीय वेळ)

औषधांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे मिडल स्कूलला 'द गिव्हर' अभ्यासाला होतं. लोइस लॉरीची १९९३ची कादंबरी. मुलीबरोबर मीही वाचली.

त्या समाजात दुःख नाही, रंग नाहीत, निवड नाही. आणि रोज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने आपल्या भावना सांगायच्या, रोज सकाळी स्वप्नं सांगायची, असा नियम आहे. सुरुवातीला वाचताना वाटतं, वा, किती मोकळं कुटुंब! आमच्याकडेही समुपदेशिकेने हेच सुचवलं होतं, जेवणाच्या टेबलावर दिवसभराचं बोला. पण कादंबरीचा नायक जोनस जेव्हा आईवडिलांना विचारतो की तुमचं माझ्यावर प्रेम आहे का, तेव्हा ते हसतात आणि शब्द नीट वापर म्हणून समजावतात. हा शब्द आता निरर्थक झालाय म्हणतात. रोज बोलणारं ते घर त्या क्षणी इतकं मुकं वाटतं, की मी पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोनस त्याची रोजची, भावना दाबणारी गोळी घेत नाही.

माझ्या मुलीची चिंताविकारासाठी गोळी तेव्हा चालू होती. ती म्हणाली, "मग मी पण बंद करू का? मला पण हे लोक गप्प करतायत का?" मला घाम फुटला. त्या रात्री आम्ही तिघं खूप वेळ बोललो. तिच्या बाबांनी जे सांगितलं ते मला आजही बरोबर वाटतं : जोनसची गोळी सगळ्यांना सारखी, न विचारता, समाजाची सोय म्हणून दिलेली आहे. तुझी तू मागितलीस, कारण तुला वर्गात श्वास लागत होता. ती घेऊन तुला कमी वाटतंय की जास्त? ती म्हणाली, "जास्त. मला आता रडता येतं."

धागा वाचताना लक्षात आलं की 'गिव्हर'मध्ये औषध आहे हे दुखणं आहे आणि 'हंगर गेम्स'मध्ये औषध नाही हे दुखणं आहे. मुलं ही दोन्ही पुस्तकं एकाच वर्षात वाचतात. आपण तिथे नसलो तर त्यातलं कुठलं धरतील, सांगता येत नाही.

---

कोकणकडा | १४ जून, रात्री ११:०५

आता सविस्तर.

मला कॅटनिसच्या आईला माफ करता येत नाही. पहिल्या वेळचं समजू शकतो, ती आजारी होती. पण शेवट पाहा. युद्धात प्रिम मारली गेली. कॅटनिस मुकी झाली. तिला बॉम्बहल्ल्यात जळालेल्या डिस्ट्रिक्ट १२च्या राखेत परत पाठवतात आणि आई येत नाही. ती डिस्ट्रिक्ट ४ला रुग्णालय उभारायला जाते. जगाच्या जखमा बांधणारी बाई पोटच्या मुलीकडे जात नाही. सतरा वर्षांची पोर एकटी, आगीजवळ, दिवसचे दिवस त्याच कपड्यांत. हे दुसऱ्यांदा सोडून जाणं आहे आणि या वेळी तिच्याजवळ औषधं होती.

माझे वडील असेच होते. गावभर कुणाच्याही मदतीला धावणारे आणि घरात भिंतीकडे तोंड करून झोपणारे. त्यामुळे माझं मत निखळ नाही, हे मान्य करून लिहितोय.

---

आडवाट | १५ जून, सकाळी ६:५०

कोकणकडा, तुमचा राग कॅटनिसलाही आहे. आई का येत नाही, हे तिला लगेच कळतं : वडील, प्रिम आणि राख, या सगळ्यात ती जागा सोसवणार नाही. आणि पुढच्याच श्वासाला तिच्या मनात येतं, की मला मात्र सोसवेल असं सगळ्यांनी धरलंय. लेखिका आईची बाजू मांडून थांबत नाही आणि मुलीचा राग पुसतही नाही. दोन्ही शेजारी ठेवते.

पण आई येत नाही तेव्हा कोण येतं पाहा. ग्रीझी से. काळ्या बाजारात रश्शाचं भांडं घेऊन बसणारी म्हातारी. ती रोज सकाळ-संध्याकाळ येऊन स्वयंपाक करते. शेजारधर्म म्हणून की सरकारने पगार देऊन, कॅटनिसला ठाऊक नसतं आणि फरकही पडत नाही. चांदणवेल, तुम्ही लिहिलंत की डबे पंधरा दिवसांनी थांबले. ते वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. आमच्या इमारतीत गेल्या वर्षी असंच झालं होतं आणि मीही पंधरा दिवसच दिला होता डबा.

---

भरती_ओहोटी | १५ जून, दुपारी १२:३०

त्या शेवटच्या प्रकरणांमध्ये कॅटनिसच्या मनावर उपचार करणारे डॉक्टर ऑरेलियस आहेत, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ते काही चमत्कार करत नाहीत. फोन करत राहतात, ती उचलत नाही. शेवटी पीटाबरोबर निरोप येतो, की उपचार चालू आहेत असं मी किती दिवस भासवणार, फोन उचल. सल्ला काय, तर अर्थ वाटो न वाटो, दिवसाची कामं नुसती करत राहा. एक दिवस त्यातल्या एखाद्या कामाला पुन्हा अर्थ येईल. नैराश्याच्या उपचारात आम्ही वर्तनावर काम करतो तेव्हा हेच सांगतो : मन लागेल मग अंघोळ करीन, असं नाही, अंघोळ कर, मन मागून येतं.

आणि मग प्रिमचं मांजर, बटरकप, चालत घरी येतं. कॅटनिसचं आणि त्याचं कधी पटलेलं नसतं. ती त्याच्यावर ओरडते, की ती इथे नाहीये, जा, ती परत येणार नाही. आणि ओरडता ओरडता तिचं रडणं फुटतं. महिन्यांनी. डॉक्टरांना जमलं नाही ते त्या मांजरामुळे झालं.

पीटाचं तर आणखी अवघड आहे. त्याच्या आठवणी विष घालून बिघडवलेल्या आहेत, खरी कुठली आणि घुसडलेली कुठली हे त्यालाच कळत नाही. त्याच्याबरोबर लढणारा फिनिक त्याला सांगतो, की विचारत जा, माझी बायको ॲनी तेच करते. आणि मग पथकातली जॅक्सन त्याचा खेळच करते : खरं की खोटं? तो विचारतो, बाकीचे उत्तर देतात. माझ्याकडे एक मुलगी हे चिठ्ठ्यांवर लिहून आणायची. "मी सगळ्यांना नकोशी आहे. खरं की खोटं?" फक्त एक सांगते, उत्तर देणारा माणूस विश्वासाचा लागतो. हा खेळ एकट्याने खेळायचा नाही.

---

सरळरेघ | १६ जून, रात्री १०:२०

कपाट उघडलं. भाषणाबद्दल विचारलं. तो आधी म्हणाला, "तुम्ही वाचलंत?" मग बोलला. पुस्तकाबद्दल कमी आणि वर्गातल्या एका गोष्टीबद्दल जास्त. ती इथे लिहीत नाही, ती त्याची आहे. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भरती_ओहोटी ताई, तुमचा दुसरा प्रश्नही विचारला. माझे हात थरथरत होते. पारिजात बेटा, तुला आशीर्वाद.

---

पारिजात_१९ | १६ जून, रात्री १०:४१

काका 🙏 गुरुवारी त्याच्यासोबत आत जायचं की बाहेर थांबायचं, ते त्यालाच विचारा. बाबांनी मला विचारलं होतं.

---

चांदणवेल | २४ जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. उशिरा लिहितेय, कारण लिहिण्यासारखं रविवारीच घडलं.

पान दिलं नाही. पहिला भाग भाचीने स्वतःच ताईच्या उशाशी ठेवला. रेघ खोडली नाही. ताई रोज रात्री थोडं थोडं वाचत होती. मी शनिवारी गेले तेव्हा खूण अर्ध्यापुढे होती, म्हणजे ते पान मागे पडलं होतं, पण घरात कुणी काही बोललं नव्हतं.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, "ते निरोपाचं वाचलं मी." भाची ताटं उचलत होती, तिथेच थांबली.

ताई म्हणाली, "तिच्याजवळ औषध नव्हतं. माझ्याजवळ होतं. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं. मी ते घेतलंच नाही, नुसतं ठेवून देत होते."

हे मलाही माहीत नव्हतं. ती पाकिटं मीच आणून देत होते.

भाचीने विचारलं, "का?"

ताई बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला बरं वाटलं असतं, तर बाबा गेले हे खरं झालं असतं."

भाची ताटं घेऊन आत गेली. नळ खूप वेळ चालू होता. मी उठायला लागले तर ताईने मानेनेच नको म्हटलं. मग भाची हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "खरं की खोटं. मी घरात आहे हे तुला तेव्हा कळत होतं?"

ताईला हा खेळ ठाऊक नाही, तो तिसऱ्या भागात आहे. तिने साधं उत्तर दिलं. "खरं. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. उठायचंय असं वाटायचं. उठता यायचं नाही."

कोकणकडा, तुम्हाला सांगायला हवं म्हणून लिहिते : भाचीने माफ वगैरे केलेलं नाही. "मला अजून राग आहे," असं तिने आईला तोंडावर सांगितलं. ताई म्हणाली, "असू दे." त्या रात्री मायलेकी एका खोलीत झोपल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा. सकाळी पुन्हा शाळा, डबा, रिक्षा, नेहमीसारखं.

आडवाट, मी मागच्या आठवड्यापासून शुक्रवारी रात्रीच निघते. नाशिकच्या शेजारीण काकूंना मीच फोन केला आणि आठवड्यातून एकदा येऊन बसाल का म्हणून विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं होतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

ताईचा दुसरा भाग निम्मा झालाय. तिसरा एकटीने वाचायचा नाही, असं भाचीने तिला बजावून ठेवलंय. पुस्तक तिने स्वतःच्या दप्तरात ठेवलं आहे.